सिरफिड माशी शेतात टिकवायची तर परागाची वेळ साधा: रब्बीसाठी पायरी-पायरीने

करडईवर मावा दिसला की घाईने बांधावर धणे टाकायचे आणि पंधरा दिवसांनी "माश्या काही आल्या नाहीत" म्हणून नाद सोडायचा, हे दर रब्बीत घडतं. धण्यात खोट नसते. क्रम उलटा झालेला असतो. सिरफिड माशीची अळी मावा खाते, पण खुद्द माशी जगते ती परागकणांवर आणि फुलातल्या मधुरसावर. मधुरसातून तिला उडायची ताकद मिळते. मादीची अंडी पक्व व्हायला मात्र प्रथिनं लागतात आणि ती परागातूनच मिळतात. म्हणजे आधी फूल, मग पराग खाल्लेली मादी, मग अंडी, मग अळी. मावा आल्यावर पेरलेल्या धण्याला फूल येईपर्यंत 40 ते 50 दिवस जातात. तोवर करडईचे शेंडे चिकट होऊन काळे पडलेले असतात.

पुढच्या पायऱ्या मराठवाडा आणि सोलापूर भागातली करडई, ज्वारी, गहू डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. तुमच्याकडे पाऊस उशिरा थांबत असेल किंवा थंडी लवकर पडत असेल तर तारखा हलवा. क्रम हलवू नका.

## तयारी: आधी काय जमवायचं

एक वही, दहापट मोठं दाखवणारं भिंग, दोरी आणि चार खुंट्या, झाडांना बांधायला रंगीत चिंध्या, झाकणाच्या आठ-दहा पारदर्शक लहान बाटल्या, विजेरी. कोणते पराग खाल्ले हे तपासायचं असेल तर काचपट्ट्या, ग्लिसरीन, थोडं सॅफ्रनिन (पराग रंगवायचा लाल रंग) आणि तासभर वापरायला मिळेल असा सूक्ष्मदर्शक. तो जवळच्या शाळेत, महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून बघा. जाळीची फारशी गरज पडत नाही, फुलावर बसलेली माशी बाटलीत अलगद घेता येते.

इशारा: पिवळ्या चिकट सापळ्यांवर पांढऱ्या माशीबरोबर सिरफिडही अडकतात. फुलांच्या पट्टीजवळ हे सापळे लावू नका. मोजणीसाठीही त्यांचा आधार घेऊ नका.

## पायरी 1: माशी, मधमाशी आणि फळमाशी यांत गल्लत होऊ देऊ नका

बहुतेक सिरफिडच्या पोटावर पिवळे-काळे पट्टे असतात, म्हणून लोक तिला गांधीलमाशी समजून झटकतात. तिला नांगी नसते, ती चावत नाही. ओळखायला चार गोष्टी बघा. पंखांची एकच जोडी, मधमाशीला दोन. मिशा अगदी आखूड. डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापणारे. आणि हवेत एका जागी थबकून राहायची सवय: पंख दिसेनासे होतात, अंग जागचं हलत नाही आणि मग एकदम हातभर बाजूला सरकून ती पुन्हा थबकते.

काकडी-दोडक्याच्या शेतात फळमाशीशी गोंधळ होतो. फळमाशी अशी थबकत नाही. ती पानावर पंख पसरून बसते, पंखांवर गडद पट्टे असतात आणि मादीच्या पोटाचं टोक निमुळतं असतं.

आपल्या शेतात दोन गट वेगळे ओळखता आले तरी पुरे. पहिला गट बारीक, चपट्या पोटाच्या, पट्टेदार माश्यांचा. इस्किओडॉन, एपिसिर्फस, पॅरागस ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. यांच्या अळ्या मावा खातात. दुसरा गट जाडसर, मधमाशीसारख्या दिसणाऱ्या एरिस्टॅलिनस माश्यांचा. यांच्या डोळ्यांवर ठिपके किंवा पट्टे असतात आणि अळ्या गोठ्याच्या मोरीत, शेणाच्या पाण्यात, लांब शेपटीने श्वास घेत वाढतात. या अळ्या मावा खात नाहीत. पण माश्या कांद्याच्या बीजोत्पादनात गोंड्यांवर आणि आंब्याच्या मोहरावर परागीभवनाचं काम करतात. वहीत दोन्ही गटांचे रकाने वेगळे ठेवा. एरिस्टॅलिनस भरपूर दिसल्या म्हणून मावा आटोक्यात येईल असं धरून बसलात तर फसाल.

पडताळणी: भिंगातून डोके बघा. बहुतेक जातींत नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना टेकतात, मादीच्या डोळ्यांमध्ये फट असते. ही खूण पायरी 4 मध्ये लागणार आहे.

## पायरी 2: तुमच्या शिवाराचं फुलांचं वेळापत्रक लिहून काढा

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि पुढचं यश तिच्यावरच अवलंबून आहे. वहीत बारा महिने मांडा. प्रत्येक महिन्यासमोर तुमच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर काय फुललेलं असतं ते लिहा. तण, झाडं, शेजाऱ्याचं पीक, सगळं धरा.

जून-जुलैत झडीच्या पावसात माश्या कमी दिसतात. ऑगस्ट-सप्टेंबरात मक्याला तुरे येतात, खरीप ज्वारी फुलोऱ्यात येते. या पिकांचं परागीभवन वाऱ्यावर होतं, म्हणून त्यांना माश्यांशी काही देणंघेणं नाही असं आपण समजतो. पण सिरफिड मक्याचे, ज्वारीचे आणि गवतांचेही पराग खातात. मधुरस तिथे नसतो, प्रथिनं असतात. त्यामुळे मक्याच्या तुऱ्यावर सकाळी बसलेली माशी चुकून आलेली नसते.

खरी अडचण ऑक्टोबरात येते. मका वाळलेला, ज्वारी दाण्यात, ऊन कडक, आणि रब्बीची पेरणी करायची म्हणून बांध खरडून स्वच्छ केलेले. एकदांडी, कुर्डू, बांधावरची गवतं, सगळं गेलेलं. म्हणजे डिसेंबरच्या माव्यावर तुटून पडणारी फौज जेव्हा वाढायला हवी, नेमका तेव्हाच शिवारात पराग नसतो. ही फट बुजवली तर निम्मं काम झालं.

नोव्हेंबरच्या मध्यापासून माश्या वाढू लागतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा भराचा काळ: सकाळी थंड, दुपारी सोसेल इतकं ऊन, मोहरी, धणे, करडई, कांदा फुलोऱ्यात आणि मावाही भरपूर. मार्चमध्ये ऊन तापलं की संख्या झपाट्याने उतरते. एप्रिल-मे महिन्यांत त्या पाटाच्या कडेला, बागायतीत, विहिरीजवळच्या हिरवाईत थोड्याफार टिकतात.

पडताळणी: सलग तीन आठवडे काहीच फुललेलं नाही, असा कोरा रकाना ऑक्टोबर ते डिसेंबर दरम्यान दिसतो का? दिसला तर पुढची पेरणी त्या रकान्यासाठी आहे.

## पायरी 3: फुलांची पट्टी, उलटं मोजून पेरा

तुमच्या भागात करडईवर मावा नेहमी कधी दिसतो ते आधी ठरवा. समजा डिसेंबरचा पहिला आठवडा. त्याच्या दोन-तीन आठवडे आधी, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याला, पट्टीत फुलं उघडलेली हवीत. त्यामागे 40 ते 50 दिवस मोजा. धण्याची पहिली पेरणी सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा इथे येते. मोहरीही त्याच सुमाराला टाकता येते. तिला बहुधा धण्याच्या थोडं आधी फूल येतं.

काय पेरायचं. सिरफिडची सोंड आखूड असते. खोल नळीच्या फुलातला मधुरस तिला पोहोचत नाही. उघडी, उथळ, लहान फुलं हवीत: धणे, शेपू, बडीशेप, ओवा, गाजराचं बियाणं धरलेलं झाड, मोहरी. माझा भर धण्यावर आहे. स्वस्त, ओळखीचं, आणि एका छत्रीत बरीच लहान फुलं एका पातळीवर उघडतात. बडीशेप, ओवा उशिरा फुलतात, त्यामुळे हंगामाच्या शेवटाला उपयोगी पडतात. झेंडूवर अनेकांचा भरवसा असतो, पण भरगच्च पाकळ्यांच्या झेंडूत पराग झाकलेले असतात. झेंडू दुसऱ्या कामांसाठी लावा, या कामासाठी नको.

कसं पेरायचं. धणे हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, सावलीत सुकवून पेरा. बांधालगत एक ते दीड मीटर रुंदीची पट्टी पुरते. शेत मोठं असेल तर एकाच कडेला रुंद पट्टी देण्यापेक्षा आत मध्येही एक-दोन ओळी टाका, कारण मादी फुलापासून फार लांब न जाता अंडी घालू शकली तर बरं.

टप्पे. सगळं एकदम पेरू नका. पट्टीचे तीन भाग करा आणि दर पंधरा दिवसांनी एक भाग पेरा. एकदम पेरलेली पट्टी एकदम फुलते आणि जानेवारीत मावा जोरात असताना दाण्यात गेलेली असते.

माव्याची आधीच सोय. नुसते पराग असून भागत नाही, अंडी घालायला मावाही हवा. इथे मोहरी दुहेरी कामाची. तिच्यावर येणारा मावा मोहरी-कोबीच्या कुळापुरता राहतो, करडईवर किंवा गव्हावर जात नाही. त्यामुळे त्याच्यावर पहिली पिढी सुखाने वाढते. शेजारी कोबी, फ्लॉवर असेल तर मात्र मोहरी टाळा. तिथे चवळीच्या चार-सहा ओळी घ्या. चवळीवरचा काळा मावा कोबीवर जात नाही. भुईमूग, वाल जवळ असेल तर चवळीही नको.

नेहमीच्या चुका:
- कोथिंबिरीला भाव आला म्हणून पट्टी उपटून बाजारात नेणं. विकायची कोथिंबीर वेगळ्या वाफ्यात करा.
- दुकानातलं कीटकनाशक चोळलेलं बियाणं पट्टीसाठी वापरणं. आंतरप्रवाही औषध पराग आणि मधुरसापर्यंत पोहोचू शकतं. घरचे किंवा किराणा दुकानातले धणे घ्या आणि उगवण आधी तपासा.
- पट्टीला पाणी न देणं. ताण बसलेल्या झाडाला फुलं कमी येतात आणि लवकर संपतात.

## पायरी 4: मोजणी, वेळेवर आणि एकाच रीतीने

पट्टीलगत 50 मीटरची रेघ दोरीने आखा. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर धरा. दहा मिनिटांत सावकाश चालत, त्या पट्ट्यात फुलावर किंवा हवेत थबकलेल्या माश्या मोजा. आठवड्यातून एकदा, त्याच रेघेवर, त्याच वेळी.

वेळ कोणती, यावर फार घोळ होतो. हिवाळ्यात सकाळी सातला गेलात तर माश्या पानांवर गारठून बसलेल्या असतात, दिसत नाहीत. भर दुपारी गेलात तर सावलीत गेलेल्या असतात आणि धण्याच्या फुलातले ताजे परागही बरेच उचलले गेलेले असतात. थंडीत साधारण नऊ ते अकरा, फेब्रुवारी अखेरीपासून आठ ते दहा. वारा इतकाच असावा की पानं हलतील, फांद्या नाहीत. आभाळ भरलेल्या दिवसाची मोजणी कोरड्या दिवसाशी ताडून बघू नका.

प्रत्येक नोंदीत चार गोष्टी लिहा: कोणत्या गटातली, कोणत्या फुलावर, नर की मादी (पायरी 1 मधली खूण), आणि काय करत होती. चौथा रकाना महत्त्वाचा आहे. तिथे नुसतं "फुलावर" लिहू नका. ती पराग खात होती, मधुरस पीत होती, बसून होती, की माव्याच्या शेंड्याभोवती घिरट्या घालत होती?

## पायरी 5: पराग खाते की नुसता मधुरस पिते, हे कसं बघायचं

गुडघ्यावर बसा, सावली फुलावर पडू देऊ नका आणि एका माशीकडे अर्धा मिनिट एकटक बघा. मधुरस पिताना तिचं तोंड फुलाच्या बुडाशी, छत्रीतल्या लहानशा गादीवर टेकलेलं असतं आणि बराच वेळ तिथेच राहतं. पराग खाताना ती बाहेर आलेल्या पुंकेसरांच्या टोकांवर सोंडेचं मऊ टोक पुन्हा पुन्हा दाबते. मध्येच थांबून पुढचे पाय एकमेकांवर घासते, ते तोंडाशी नेते आणि अंगावर सांडलेले पराग असे गोळा करून खाते. पराग भरपूर खाल्लेल्या माशीचं पोट खालून पिवळट, फुगलेलं दिसतं. बाटलीत घेऊन उजेडाकडे धरलं की हे साध्या डोळ्यांनाही कळतं.

कोणाचे पराग खाल्ले ते जाणायचं असेल तर माशी मारायची गरज नाही. परागाचं बाहेरचं कवच तिच्या आतड्यात पचत नाही, विष्ठेत तसंच बाहेर येतं. क्रम असा:

1. आधी नमुने. शिवारात फुललेल्या प्रत्येक वनस्पतीची उमलायला आलेली कळी घ्या, परागकोश काचपट्टीवर ग्लिसरीन-सॅफ्रनिनच्या थेंबात चुरडा, वर झाकणकाच ठेवा, नाव लिहा. हे नमुने नसतील तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.
2. मग माशी. दहाच्या सुमारास, एका बाटलीत एकच. बाटलीवर फुलाचं नाव आणि वेळ लिहा. तोंडाला पातळ कापड बांधून तास-दोन तास सावलीत ठेवा.
3. ठिपका. काचेवर पिवळसर ठिपके पडतील. माशी सोडून द्या. ओल्या सुईने नेमका ठिपकाच उचला आणि थेंबात मिसळा.
4. ताडून बघा. मक्याचा कण मोठा, जवळपास 90 मायक्रॉनचा, गुळगुळीत, गोल, एकच छिद्र असलेला. ज्वारीचाही तसाच, पण लहान. धण्याचा लांबट, कमरेत किंचित आवळलेला. मोहरीचा लहान, तीन खाचांचा, जाळीदार पृष्ठभागाचा. कांद्याच्या कणावर एकच लांब खाच. सूर्यफूल, करडई, गाजरगवत यांच्या कुळातले कण काटेरी. भेंडी आणि कापसाचे फार मोठे, ठळक काट्यांचे.

नेहमीची चूक: सगळी बाटली पाण्याने धुऊन ते पाणी तपासणं. माशीच्या अंगावरचे केस परागांनी माखलेले असतात. ते पराग तिने खाल्लेले असतीलच असं नाही.

धण्यावर पकडलेल्या माशीच्या ठिपक्यात मक्याचे कण सापडले, तर तिचा मधुरस एकीकडून आणि प्रथिनं दुसरीकडून येतात, असं समजा. मग फक्त धणे वाढवून उपयोग कमी. पट्टीच्या एका टोकाला उशिरा पेरलेल्या मक्याच्या दोन ओळी ठेवा. तुरा वाळेपर्यंत त्या कापू नका.

## पायरी 6: अंडी, अळी, कोष शोधा

फुलावर माश्या दिसू लागल्यावर आठवडाभराने माव्याच्या शेंड्यांकडे वळा. सिरफिडचं अंडं पांढरं, जेमतेम एक मिलिमीटरचं, तांदळाच्या कणीसारखं, माव्याच्या घोळक्यात किंवा शेजारी आडवं चिकटवलेलं आणि एकेकटं असतं. क्रायसोपा या मावा खाणाऱ्या दुसऱ्या मित्रकीटकाचं अंडं बारीक देठावर उभं असतं, ढालकिड्याची अंडी पिवळी आणि झुबक्यात असतात. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. अळी साधारण आठ-दहा दिवस खाते आणि तेवढ्यात काहीशे मावा संपवू शकते. मग पानाला थेंबाच्या आकाराचा कोष चिकटतो. थंडीत अंड्यापासून माशीपर्यंत तीन आठवडे धरा, कडाक्याची थंडी असेल तर जास्त.

या अळीचा सगळ्यात मोठा शत्रू शेतकऱ्याचा अंगठा आहे. पानावर हिरवट-तपकिरी अळी दिसली की ती चिरडली जाते. चिरडण्याआधी भिंगातून बघा. पान खाणाऱ्या अळीला टणक डोकं आणि छातीला पायांच्या तीन जोड्या असतात. सिरफिडच्या अळीला पाय नाहीत, वेगळं डोकं दिसत नाही, पुढचं टोक निमुळतं आणि चाचपत हलणारं. थोडं थांबलात तर ती मावा पकडून उचलून धरते आणि आतला रस शोषून रिकामी कातडी टाकते, हेही दिसेल.

पडताळणी: दिवसा अळी पानाच्या बेचक्यात दडते. दिवसा सापडली नाही तर अंधार पडल्यावर विजेरी घेऊन तेच शेंडे पुन्हा बघा. शेंड्यावर डांबरासारखे काळे डाग आणि रिकाम्या पांढऱ्या कातड्या असतील तर ती तिथेच आहे.

कोष दिसतात पण माश्या वाढत नाहीत, असंही होतं. डिप्लॅझॉन नावाची परोपजीवी गांधीलमाशी या अळ्यांना ग्रासते आणि कोषातून सिरफिडऐवजी तीच बाहेर येते. दहा-बारा कोष पानासकट बाटलीत ठेवून काय निघतं ते बघा, म्हणजे दोष पट्टीला जाणार नाही.

## पायरी 7: फवारायचं की थांबायचं

शेतभर विखुरलेल्या 20 झाडांना चिंध्या बांधा. त्यांच्या शेंड्यांवरचा मावा, अंडी आणि अळ्या चार-पाच दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा. मावा वाढतोय, पण बऱ्याच शेंड्यांवर अंडी-अळ्याही आल्या आहेत, तर आणखी चार दिवस थांबा आणि पुन्हा मोजा. मावा वाढतोय आणि त्यांचा पत्ताच नाही, तर वाट बघत बसू नका. पीक घालवून मित्रकीटक जपायचे नाहीत.

फवारावंच लागलं तर करडईवर मावा बहुधा शेताच्या कडेच्या झाडांवरून सुरू होतो हे ध्यानात ठेवा. लवकर लक्षात आलं तर कडेचा पट्टा फवारूनही भागतं. फुलांची पट्टी वगळा, वारा तिच्याकडे वाहत असेल तर त्या दिवशी थांबा. वेळ उन्हं उतरल्यानंतरची, माश्या फुलांवरून उठल्यावरची. निंबोळी अर्क सौम्य आहे, पण थेट अंगावर पडला तर कोवळ्या अळीला तोही सोसत नाही. त्यामुळे "जैविक आहे, सकाळी मारलं तरी चालतं" हे चूक.

ज्यांच्याकडे आंबा आहे त्यांनी मोहर पूर्ण उमललेला असताना हीच काळजी दुप्पट घ्यावी. तिथे माश्या परागीभवन करत असतात. तुडतुड्यांसाठी त्या दिवसांत मारलेलं औषध फळधारणेवर उलटू शकतं.

## पायरी 8: मार्चनंतर काय ठेवायचं

पट्टीतले धणे वाळले की सगळे एका दिवसात काढू नका. शेवटच्या टप्प्यातली बडीशेप आणि ओवा हिरवे असतील तोवर राहू द्या. करडई कापताना खालच्या पानांवर कोष असतात. काढलेली झाडं लगेच पेटवण्याऐवजी आठवडाभर बांधालगत रचून ठेवा, म्हणजे उरलेल्या माश्या निघून जातील.

एप्रिल-मेसाठी पाणी असलेली एकच जागा पुरे: विहिरीचा काठ, ठिबकचा गळका सांधा, परसातला नळ. तिथे तुळस, शेपू, दोन-चार गाजरं फुलोऱ्यात राहतील असं बघा. गोठ्याची मोरी एरिस्टॅलिनसचं घर आहे. ती साफ करताना सगळा गाळ एकदम उपसू नका, अर्धा आज आणि अर्धा पंधरा दिवसांनी काढा. बांध तणनाशकाने जाळण्यापेक्षा पाळीपाळीने कापा, एका वेळी एकच बाजू. सप्टेंबरात वही पुन्हा उघडली की आधी मागच्या वर्षी मावा कोणत्या आठवड्यात दिसला ते बघा आणि तिथून उलटे दिवस मोजून धणे रगडायला घ्या.